शेअर घ्यायच्या आधी कंपनीचं पाणी, माणसं अन् कारभार कसा तपासायचा

मागच्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला अन् मोबाईल समोर धरून म्हणे, "काका, ही कंपनी पहा, ॲपवर ईएसजी स्कोअर हिरवा दाखवून राहिला, पन्नास हजाराचे घेऊन टाकू का?" मी नाव वाचलं अन् काही न बोलता त्याला वावरात घेऊन गेलो, कारण त्या कंपनीचा प्लँट आमच्या धुऱ्यापासून सहा किलोमीटरवर आहे. पऱ्हाटीच्या पानावरून बोट फिरवलं तर बोट काळं, बोंडातला कापूस राखाडी, अन् त्याच कापसाला त्या हंगामात व्यापाऱ्यानं प्रत खराब म्हणून भाव पाडून दिला होता. पुतण्या गप्प झाला, मग म्हणे, "म्हणजे स्कोअर खोटा हाय का?"

खोटा नाही, पण तो कशाचा स्कोअर आहे हे कोणी सांगत नाही. बरेचसे ईएसजी स्कोअर हे मोजतात की पर्यावरणाच्या नाहीतर कामगारांच्या भानगडीमुळे कंपनीच्या पैशाला किती धोका आहे, अन् ते बी त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपन्यांशी तुलना करून. तुमच्या कापसावर किती धूळ बसते हे त्यात येईलच असं नाही. शिवाय एकाच कंपनीला एक संस्था चांगले मार्क देते अन् दुसरी कमी, कारण प्रत्येकाची मोजायची पट्टी वेगळी. 2023 मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, हे रेटिंग देणाऱ्या संस्थांना नोंदणी बंधनकारक केली ते बरं झालं, पण पट्ट्या अजून वेगवेगळ्याच आहेत. म्हणून मी त्या दिवशी पुतण्याला घेऊन बसलो अन् कंपनीचेच कागद काढून तपासायला शिकवलं, तेच इथं लिहून राहिलो. दोन-तीन रात्री जातात, पण पन्नास हजार म्हणजे दहा-बारा क्विंटल सोयाबीन, तेवढा वेळ द्यायलाच पाहिजे.

ईएसजी म्हणजे काय ते एका ओळीत. ई म्हणजे पर्यावरण, एस म्हणजे माणसं (कामगार, गाववाले, ग्राहक सगळे), अन् जी म्हणजे कारभार, कंपनी चालवणारे लोक सरळ आहेत का ते.

आधी बघा, ती कंपनी बाजारात आहे का

आपल्याकडे रस्त्यानं जाताना दिसणारी प्रत्येक चिमणी शेअर बाजारात नसते. चंद्रपूरचं 2,920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र महानिर्मितीचं, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीचं, त्याचा शेअरच नाही, म्हणून लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीला जे जाहीर करावं लागते ते तिला लागू होत नाही. वणी, घुग्गुस, राजुरा, उमरेडकडच्या कोळसा खाणी ज्या वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) आहेत ती वेकोलि सुद्धा स्वतः लिस्टेड नाही, नागपूरला मुख्यालय असलेली ती कोल इंडियाची उपकंपनी, अन् कोल इंडिया 2010 पासून बाजारात आहे. म्हणजे आकडे बघायचे तर मायकंपनीच्या अहवालात बघायचे, अन् तिथं देशभरातल्या सगळ्या खाणींचा एकत्र आकडा असतो, त्यात तुमच्या गावाजवळची खाण कुठं विरघळली ते कळत नाही.

यासाठी कंपनीच्या ईएसजीच्या अहवालात (त्याचं नाव पुढं सांगतो) पहिल्याच भागात एक प्रश्न असतो, हे आकडे एकट्या कंपनीचे आहेत की उपकंपन्या धरून, म्हणजे स्टँडअलोन की कन्सॉलिडेटेड. हा प्रश्न लोक वाचत नाहीत अन् तिथंच फसतात. घाण करणारा प्लँट उपकंपनीच्या नावावर अन् अहवाल फक्त मायकंपनीचा, तर सगळे आकडे स्वच्छ दिसणारच.

कागद कोणते लागतात

मुख्य कागदाचं नाव बीआरएसआर, म्हणजे बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट, पर्यावरण, माणसं अन् कारभार यांचा कंपनीनं दरवर्षी द्यायचा अहवाल. तो नऊ तत्त्वांमध्ये, म्हणजे नऊ भागांमध्ये, वाटलेला असते. सेबीनं मे 2021 मध्ये हा नमुना आणला अन् 2022-23 पासून बाजारमूल्यानं वरच्या 1,000 लिस्टेड कंपन्यांना तो बंधनकारक आहे. त्याच्या आधी 2012 पासून बीआरआर नावाचा साधा अहवाल होता, त्यात गोड गोड शब्द जास्त अन् आकडे कमी, नव्यामध्ये आकडे भरावेच लागतात. बीएसई नाहीतर एनएसई या शेअर बाजारांच्या साईटवर कंपनीचं नाव टाका, वार्षिक अहवालाच्या पीडीएफमध्येच मागच्या बाजूला सापडते, किंवा वेगळी फाईल असते. मोबाईलवर तीनशे-चारशे पानं वाचणं होत नाही, पीडीएफमध्ये इंग्रजीत शब्द सर्च करा, फेटॅलिटीज, वॉटर, पेनल्टी, काँट्रॅक्ट, असे, सरळ त्या टेबलवर जाता.

कंपनी वरच्या हजारात नसेल, म्हणजे छोटी सूतगिरणी, बियाण्याची कंपनी, छोटा स्टील प्लँट, तर बीआरएसआर मिळेलच असं नाही. मग फक्त वार्षिक अहवाल, ऑडिटरचा अहवाल अन् सरकारी परवानग्या, यावरच काम भागवावं लागते.

अजून एक. 2023 मध्ये सेबीनं बीआरएसआर कोर आणलं, म्हणजे त्यातले काही मोजके आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे, सुरुवात वरच्या 150 कंपन्यांपासून अन् मग टप्प्याटप्प्यानं खालच्या. तुमच्या कंपनीच्या अहवालाच्या शेवटी ते तपासणीचं पत्र आहे का बघा. असलं तर नीट वाचा, कोणते आकडे तपासले अन् कोणते नाही ते त्यातच लिहिलेलं असते.

दोन वर्षाचे अहवाल डाउनलोड कराच. प्रत्येक अहवालात यंदाचा अन् मागच्या वर्षीचा असे दोन रकाने असतात. यंदाच्या अहवालातला "मागच्या वर्षीचा" आकडा अन् खुद्द मागच्या वर्षीच्या अहवालातला आकडा, हे दोन्ही शेजारी ठेवा. सारखे असायला पाहिजेत. बदलले असतील तर खाली टीप पाहिजे की काहून बदलले. टीप नसेल तर माझ्या वहीत त्या कंपनीसमोर पहिली लाल रेघ तिथंच पडते.

कारभार पहिले तपासा

ज्यांना पर्यावरणाची काळजी आहे ते लोक सरळ पाण्याच्या टेबलवर जातात, मी पण जात होतो, आता नाही जात. जो माणूस हिशोबात खोटं लिहितो तो पाण्याच्या मीटरचा आकडा खरा लिहील हे कसं मानायचं? सत्यम या आयटी कंपनीचं आठवते ना, 7 जानेवारी 2009 ला तिचे चेअरमन रामलिंग राजूंनी स्वतःच पत्र लिहून कबूल केलं, 7,000 कोटींच्या वर घोटाळा, बँकेत दाखवलेला पैसा बँकेत नव्हताच. अन् त्याच कंपनीला 2008 मध्ये, काही महिने आधी, कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळालेला होता. म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावरचे पुरस्कार मी वाचत पण नाही.

काय बघायचं मग? शेअरहोल्डिंग पॅटर्न दर तिमाहीला येतो, त्यात प्रमोटरचे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकाचे, किती टक्के शेअर गहाण आहेत ते दिसते. गहाण वाढत चाललं असेल तर प्रमोटर पैशाच्या अडचणीत आहे, अन् अडचणीतला मालक सुरक्षेवरचा अन् प्रदूषण नियंत्रणाचा खर्च पहिले कापतो, हे सांगायला कोणी शहाणा नको. कर्जात बुडालेला कास्तकार पहिले बैलाची पेंड कमी करते, तसंच.

मग ऑडिटर. मुदत संपायच्या आधी मधातच राजीनामा देऊन गेला का? कारण काय लिहिलं? "व्यस्त असल्यामुळे" असं काही मोघम लिहिलं असेल तर सावध व्हा.

मग स्वतंत्र संचालक. नियम असा आहे की चेअरमन प्रमोटर घरातला किंवा पगारी पदावरचा असेल तर निम्मे संचालक स्वतंत्र पाहिजेत, नाहीतर एक तृतीयांश. हे आकडे बहुतेक पूर्ण असतात, खरं कळते ते हजेरीच्या टेबलवरून, वर्षात किती मीटिंगा झाल्या अन् कोण किती वेळा हजर होतं. सरकारी कंपन्यांचं वेगळं, तिथं स्वतंत्र संचालक सरकार नेमते अन् जागा महिनोन् महिने रिकाम्या राहतात, बाजारानं त्यासाठी बऱ्याच सरकारी कंपन्यांना दंड पण लावलेला आहे.

अन् सगळ्यात कामाचं पान म्हणजे हिशोबाच्या टिपांमधलं काँटिंजंट लायबिलिटीज. अजून कोर्टात अडकलेले दावे, दंड, रॉयल्टीचे वाद, सगळं तिथं बारीक अक्षरात असते. बीआरएसआरमध्ये "पर्यावरण कायद्याचा भंग – निल" अन् इकडं टिपेमध्ये प्रदूषणाच्या दंडाचा दावा, असं झालं तर दोन पानं एकमेकाशी भांडून राहिली समजा. मी हे एकदा प्रत्यक्ष बघितलं आहे, तेव्हापासून निल हा शब्द आला की मी ते टिपेचं पान उघडतोच.

माणसं: ठेक्यावरच्या लोकांचा रकाना

इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो अन् तुम्ही पण घालवा. आपल्या भागातले पोट्टे कंपनीत लागतात म्हणजे कुठं लागतात? कंपनीच्या हजेरीपटावर फार थोडे, बाकी सगळे ठेकेदाराच्या हाताखाली. बीआरएसआरमध्ये कर्मचारी वेगळे अन् कामगार वेगळे, अन् त्या दोघांत पण कायम किती अन् कायम नसलेले किती, असं फोडून लिहावं लागते. पहिलं काम, कायम नसलेल्या कामगारांची टक्केवारी काढा. समजा 6,000 कामगारांपैकी 4,800 कायम नाहीत, म्हणजे शंभरात ऐंशी. मग पुढच्या टेबलांमध्ये विमा किती लोकांना, पीएफ किती लोकांना, ईएसआय (कामगारांची सरकारी दवाखान्याची योजना) किती, सुरक्षेचं ट्रेनिंग किती लोकांना, हे बघताना शंभर टक्के लिहिलेलं दिसलं तर ते शंभर टक्के कोणाचे आहेत ते तपासा. बरेचदा ते फक्त कायम लोकांचे असतात अन् ठेक्यावरच्यांच्या रकान्यात डॅश असते. डॅश म्हणजे शून्य नाही अन् माहिती पण नाही.

आता अपघात. एलटीआयएफआर नावाचा आकडा असतो, म्हणजे कामाच्या दर 10 लाख तासांमागं असे किती अपघात झाले की माणूस दुसऱ्या दिवशी कामावर येऊ शकला नाही. हिशोब करून बघा. एक माणूस रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे 2,400 तास. 5,000 माणसं म्हणजे 1 कोटी 20 लाख तास. कंपनीनं दर 0.25 लिहिला, तर 120 लाख भागिले 10 लाख म्हणजे 12, त्याला 0.25 नं गुणा, 3 आले. म्हणजे वर्षभरात, पाच हजार माणसांत, मोठमोठ्या मशीनवर, फक्त तीन लोकांना घरी बसावं लागलं असं कंपनी म्हणून राहिली. आता त्याच टेबलात खाली बघा, मृत्यू किती. तिथं 2 लिहिले असतील तर विचार करा, तीन अपघात अन् त्यातले दोघं दगावले, असं कुठं असते का? हात मोडणारे, बोट जाणारे, भाजणारे कितीतरी असतात तेव्हा एखादा जीव जाते. म्हणजे बाकीचे अपघात नोंदलेच नाहीत. मृत्यू लपवता येत नाही, पोलीस येतात, गाव गेटवर बसते, पण मोडलेला हात लपवता येते. ठेकेदार दवाखान्याचे पैसे देते, आठ दिवसाची हजेरी लावते अन् प्रकरण तिथंच संपते.

मला हे माहीत आहे कारण माझ्या मावसभावाचा पंजा कन्व्हेअरमध्ये सापडला तेव्हा असंच झालं. दवाखान्यात मी होतो. सुपरवायझर बाहेर बाकड्यावर बसून ठेकेदाराशी फोनवर बोलत होता अन् कागदावर "घरी पडला" असं लिहायचं ठरत होतं. भाऊ शुद्धीवर होता, त्यानं ऐकलं, काही बोलला नाही, कारण पुढच्या महिन्यात त्याला त्याच गेटवर जायचं होतं. त्या वर्षीच्या अहवालात त्या कंपनीचा कायम नसलेल्या कामगारांचा अपघात दर शून्य होता. म्हणून शून्य दिसलं की मी खुश होत नाही. हीच गोष्ट बायांच्या छळाच्या तक्रारींची, 8,000 माणसांच्या कंपनीत तीन वर्षं सलग शून्य तक्रारी म्हणजे तिथं सगळं चांगलं चाललं असं नाही, तक्रार करायची हिंमत होत नाही असं पण असू शकते. ज्या कंपनीनं 14 तक्रारी लिहिल्या अन् 13 निकाली काढल्या असं लिहिलं, तिच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

पगाराचं पण बघा, किमान वेतनाइतकंच किती जणांना अन् जास्त किती जणांना ते टेबल असते, अन् वरच्या साहेबांचा पगार मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट ते वार्षिक अहवालात द्यावंच लागते.

गाव अन् जमीन

जमीन गेलेल्यांसाठी बीआरएसआरच्या आठव्या तत्त्वात टेबल आहे. पुनर्वसन चालू असलेले प्रकल्प, बाधित कुटुंबं किती, त्यातली किती टक्के योजनेत आली, वर्षात किती पैसे दिले. ज्यांच्या सातबाऱ्यावरची जमीन खाणीत गेली त्यांनी हे टेबल वाचावं अन् आपल्या जिल्ह्यातल्या प्रकल्पाचं नाव शोधावं.

ही गोष्ट फक्त दयेची नाही, पैशाची पण आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरात वेदांता कंपनीला बॉक्साईट (ॲल्युमिनियमचा दगड) काढायचं होतं, जवळच लांजीगढला रिफायनरी आधीच उभी झाली होती. सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2013 मध्ये सांगितलं ग्रामसभांना विचारा, 12 ग्रामसभा झाल्या अन् बाराच्या बारा नाही म्हणाल्या. रिफायनरी उभी अन् डोंगर बंद. नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडानं तर 2007 मध्येच ती कंपनी यादीतून काढली होती. आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखानं 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला, तेव्हापासून ग्रामसभा काय करू शकते हे इथल्या लोकांना कोणी शिकवायला नको. जंगलातल्या खाणीची कंपनी घ्यायची तर ग्रामसभेचं काय झालं हे बातम्यांमध्ये शोधूनच घ्या.

सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चाचं, मात्र सरळ आहे. मागच्या तीन वर्षाच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावे लागतात, अन् कुठं, कोणत्या संस्थेमार्फत, किती, ते अहवालात येते. हे तपासायला आपल्यासारखी सोय मुंबईच्या ॲनालिस्टला नाही. एका कंपनीच्या अहवालात शेजारच्या गावात आरओ प्लँट लिहिला होता, मी गाडी काढून गेलो. खोली आहे, पाटी आहे, दाराला कुलूप अन् कुलपाला गंज. शेजारच्या बाई म्हणाल्या, "उद्घाटनाच्या दिवशी पाणी आलतं भाऊ, मोटर जळाली तं मंग कोनी आलंच नाही." त्याच अहवालात दुसऱ्या गावात नाला खोलीकरण लिहिलं होतं, तिथं बी गेलो, तर खरंच केलेलं, फेब्रुवारीत नाल्यात पाणी, दोन्ही बाजूला हरभरा अन् गहू, अन् कास्तकार नाव घेऊन सांगत होते कोणत्या साहेबानं उभं राहून काम करून घेतलं. दोन्ही गोष्टी वहीत लिहिल्या.

पाणी: टक्क्यावर जाऊ नका, हिशोब करा

पर्यावरणाच्या सहाव्या तत्त्वात वीज, पाणी, धूर, कचरा, कार्बन सगळे आकडे असतात. सगळे बघत बसलात तर डोकं फिरते. मी पाण्यापासून सुरू करतो.

अहवालात पाणी किलोलिटरमध्ये असते, नदी-तलावातून किती, जमिनीतून किती, दुसऱ्याकडून किती, असं फोडून. मग एक आकडा असतो, दर रुपया उलाढालीमागं पाणी किती. कंपन्या जाहिरातीत हाच आकडा दाखवतात अन् हाच सगळ्यात फसवा आहे. एक काल्पनिक सिमेंट कंपनी घ्या. मागच्या वर्षी पाणी वापरलं 20 लाख किलोलिटर, उलाढाल 4,000 कोटी, म्हणजे एका कोटीमागं 500 किलोलिटर. यंदा पाणी 22 लाख, उलाढाल 5,500 कोटी, म्हणजे कोटीमागं 400. कंपनी लिहिते, पाण्याचा वापर 20 टक्क्यांनी घटला. आता सिमेंट किती बनवलं ते बघा. दोन्ही वर्षी 80 लाख टन. म्हणजे मागच्या वर्षी टनामागं 250 लिटर अन् यंदा 275 लिटर. पाणी घटलं नाही, 10 टक्क्यांनी वाढलं, फक्त सिमेंटचा भाव वाढला म्हणून उलाढाल फुगली. कापसाचा भाव वाढला म्हणून आपल्या विहिरीतलं पाणी वाढते का? म्हणून भागाकार नेहमी टनानं करायचा, नाहीतर मेगावॅट-तासानं, मीटरनं, जो माल असेल त्यानं.

अन् तीन वर्षाचे एकूण आकडे पण शेजारी लिहा, कारण नदीला टनामागचं कळत नाही, तिच्यातून एकूण किती उचललं तेच कळते. जागा पण महत्त्वाची. वैनगंगेच्या काठावरचं पाणी अन् वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातलं बोअरचं पाणी एकाच तराजूत नाही घालता येत, तिकडं जमिनीखालचा उपसा आधीच हद्दीच्या बाहेर गेलेला आहे. पाणीटंचाईच्या भागातला वापर वेगळा लिहायचा रकाना बीआरएसआरमध्ये आहे, पण तो ऐच्छिक भागात, म्हणून खूप कंपन्या कोरा सोडतात. ज्यांनी भरला त्यांना मी एक मार्क जास्त देतो.

आता उलटतपासणी. प्लँटला पर्यावरण मंजुरी मिळते तेव्हा तिच्यात अटी असतात, उत्पादन किती, पाणी किती, झाडं किती. ते पत्र केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापडते, अन् अटी पाळल्या का याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र त्यांच्या साईटवर असते. संमतीमध्ये पाण्याची मर्यादा एक अन् बीआरएसआरमध्ये वापर दुसरा, असं होते का बघा. कंपनीचे अनेक प्लँट असतील तर नेमकं जुळवता येत नाही हे खरं, पण एकाच प्लँटची कंपनी असली तर लगेच कळते.

धुळीचं सांगतो, कारण आपलं दुखणं तेच. अहवालात पीएम (हवेतले बारीक धूलिकण) म्हणून जो आकडा असतो तो बहुतेक वेळा चिमणीतून निघणाऱ्या धुळीचा असतो. ट्रक जाऊन जाऊन रस्त्यावर उडणारी, कोळशाच्या ढिगाऱ्यावरून वाऱ्यानं येणारी, ती त्यात मोजलेली नसते, अन् आपल्या पऱ्हाटीवर जास्त तीच बसते. म्हणून तिथं हवेच्या मोजणीचे आकडे बघा, चंद्रपूरला हवा मोजायची केंद्रं आहेत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर रोज दिसते. 2009 मध्ये केंद्रीय मंडळानं प्रदूषणाचा निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांवर होतं, देशातल्या सगळ्यात वाईट पट्ट्यांमध्ये. अशा पट्ट्यात प्लँट असलेल्या कंपनीला नवीन विस्ताराची परवानगी अवघड जाते, हे शेअर घेणाऱ्यानं धरूनच चालावं.

कार्बनचं थोडक्यात. स्कोप 1 म्हणजे स्वतःच्या भट्टीतून, स्कोप 2 म्हणजे विकत घेतलेल्या विजेमागचा, स्कोप 3 म्हणजे बाकी साखळीचा, कच्चा माल देणाऱ्यापासून तयार माल वापरणाऱ्यापर्यंत. सिमेंटची तुलना सिमेंटशीच करा, आयटी कंपनीशी नाही, कारण चुनखडी तापवली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघते, कोळसा नाही जाळला तरी. बँकेचं तर अजून वेगळं, तिच्या इमारतीच्या विजेत काही नाही, तिनं कर्ज कोणाला दिलं ते बघायचं.

औषधाच्या कंपन्या

म्हणजे फवारणीच्या औषधाच्या. आपल्याकडचे लोक या कंपन्यांचे शेअर हौसेनं घेतात कारण नाव ओळखीचं असते. यांच्यासाठी नववं तत्त्व, ग्राहकांचं, सगळ्यात महत्त्वाचं. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते, काहींच्या डोळ्यावर परिणाम झाला. तेव्हाच्या रांगा ज्यांनी बघितल्या ते विसरू शकत नाहीत. म्हणून अशा कंपनीचा अहवाल उघडला की मी विचारतो, उत्पादनाच्या सुरक्षेबद्दल तक्रारी किती आल्या, माल परत बोलावला का, सुरक्षित वापराचं ट्रेनिंग किती शेतकऱ्यांना अन् कोणत्या जिल्ह्यात, अन् शेतमजुरांना दिलं की फक्त दुकानदारांना हॉटेलात जेवण देऊन ते ट्रेनिंग म्हणून लिहिलं. मग कृषी केंद्रात जाऊन डबा हातात घ्या, मराठी किती बारीक छापलं ते बघा, चाळिशीतल्या माणसाला चष्म्याशिवाय वाचता येते का बघा. ज्या औषधांवर दुसऱ्या देशात बंदी आली त्यांच्यावर कंपनीची किती कमाई अवलंबून आहे हे पण शोधा, उद्या इथं बंदी आली तर शेअर पण पडेल.

वहीत कसं लिहायचं

मार्क देऊन बेरीज करायची सवय मी सोडली, कारण मग सीएसआरचे चांगले मार्क कामगारांच्या मृत्यूला झाकून टाकतात. मी पानावर तीन रकाने करतो, कारभार, माणसं, पर्यावरण, अन् प्रत्येकात हिरवी, पिवळी नाहीतर लाल रेघ. कारभारात एक लाल आली की बाकी वाचतच नाही. माणसं अन् पर्यावरणात लाल आली तर त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दोन कंपन्यांचं तेच टेबल काढून बघतो, सगळ्यांचंच तसं आहे की हिचंच. कोऱ्या रकान्याला पिवळी. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नवे अहवाल येतात तेव्हा परत बघतो, कारण यंदाची पिवळी पुढच्या वर्षी हिरवी झाली तर ती कंपनी मला आधीपासून हिरव्या असलेल्या कंपनीपेक्षा जास्त आवडते, तिनं काहीतरी केलं असते.

पुतण्याच्या त्या कंपनीच्या पानावर कारभार हिरवा आला, माणसं पिवळी, पर्यावरण लाल. त्यानं पन्नास हजाराचे नाही घेतले. एक शेअर घेतला. मीच सांगितलं घ्यायला, कारण एक शेअर असला तरी तुम्ही भागधारक, अन् वार्षिक सभेत बोलायचा तुमचा हक्क आहे. 2020 पासून बऱ्याच कंपन्यांच्या सभा ऑनलाइन होतात, मुंबईला जायची गरज नाही, सभेच्या नोटीसमध्ये वक्ता म्हणून नाव नोंदवायची तारीख अन् ईमेल दिलेला असते, त्या तारखेच्या आत डिमॅटचा नंबर घालून मेल करायचा. प्रश्न छोटा ठेवायचा, भाषण नाही करायचं, अन् त्यांच्याच अहवालाच्या पानाचा नंबर घालायचा, म्हणजे उडवून लावता येत नाही.

आम्ही दोघांनी मिळून असा लिहिला: "अहवालाच्या अमुक पानावर कायम नसलेल्या कामगारांचा अपघात दर शून्य दाखवला आहे, त्याच पानावर एक मृत्यू आहे. ठेकेदाराकडच्या अपघातांची नोंद कोण ठेवते अन् ती बाहेरच्या कोणी तपासली का? दुसरं, कोळसा वाहतुकीच्या रस्त्यावरची धूळ मोजता का, अन् मोजत असाल तर आकडा कुठं आहे?" नाव, पत्ता, डिमॅट नंबर, सगळं घालून मेल गेला. नंबर लागला, दोन मिनिटं मिळाली, पुतण्या हिंदीत बोलला. धुळीबद्दल चेअरमन म्हणाले रस्त्यावर पाणी मारतो, आकडा सध्या नाही, पुढच्या अहवालात देऊ. कामगारांच्या प्रश्नाला उत्तर मेलनं देऊ म्हणाले. मेल अजून आलेला नाही, सेक्रेटरीला दोनदा आठवण दिली, तिसरी या सोमवारी जाऊन राहिली.